पान नंबर कुठे आहे?

नाशिक, गुरुवार रात्र

प्रिय पोरी,

काल संध्याकाळी तू दोषारोपपत्राचा अडीच पानी सारांश माझ्या टेबलावर ठेवून गेलीस. २८६ पानं, ३७ शेतकऱ्यांचे जबाब, चार पंचनामे. एआयनं दहा मिनिटांत करून दिलं, असं तू सांगितलंस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि तो मला कळतो. तुझ्या वयाची असताना अशा फायली मी सीबीएसच्या स्टँडवर बसची वाट बघत, मांडीवर घेऊन वाचायचे. सारांश मी वाचला. भाषा स्वच्छ होती. मग मूळ फाईल काढून बसले, आणि आज कोर्टात तुझ्याशी नीट बोलता आलं नाही म्हणून हे लिहिते आहे.

सारांशात एक वाक्य आहे: "सर्व साक्षीदारांनी आरोपी क्र. २ याने रकमेची हमी दिल्याचे सांगितले आहे." आरोपी क्र. २ म्हणजे आपला पक्षकार. परराज्यातल्या व्यापाऱ्याला बागा दाखवत गावोगाव फिरणारा, आणि व्यापारी मालाचे पैसे न देता पळाल्यावर एकटाच हाती लागलेला मुलगा. मी ३७ जबाब बोट ठेवून वाचले. २३ जण म्हणतात, "यातील आरोपी क्र. २ याने मला हमी दिली." ११ जण म्हणतात, "हमी दिल्याचे मला समजले." आणि तिघांच्या जबाबात त्याचं नावच नाही.

"दिली" आणि "दिल्याचे समजले" यात आपलं सगळं काम आहे गं. पहिला साक्षीदार स्वतःच्या कानांनी ऐकल्याचं सांगतो, दुसरा ऐकीव सांगतो. ठाण्यातली मराठी अवजड असते, एकेक वाक्य अर्धं पान चालतं, "सदर", "नमूद", "यातील" यांच्या गर्दीत कर्ता हरवतो. पण माणसाला ती गोष्ट कशी कळली, हे ती भाषा क्रियापदाच्या शेपटीत जपून ठेवते. सारांश करताना पहिली छाटली जाते ती ही शेपटी.

त्या तिघांचं तर मला जास्त वाटतं. जे लिहिलेलंच नाही ते सारांशात कुठून येणार? उद्या त्यांच्यापैकी एखादा पिंजऱ्यात उभा राहून म्हणेल, "या पोरानं माझ्या हातावर हात मारून शब्द दिला होता." तेव्हा तुला उठून विचारता आलं पाहिजे की ही इतकी महत्त्वाची गोष्ट पोलिसांना जबाब देताना का सांगितली नाहीत. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम १८१ खालचं स्पष्टीकरण पुन्हा वाच. जुन्या संहितेत ते १६२ खाली होतं. महत्त्वाची गोष्ट गाळणं हीसुद्धा विसंगती ठरू शकते, असं ते सांगतं. तहसीलदार सिंगचा १९५९ चा निकाल याच प्रश्नावर आहे, तोही मुळातून वाच. फौजदारी वकिलाचा निम्मा उलटतपास अशा ओमिशनवर उभा असतो.

दुसरी जागा मला रात्री साडेअकराला सापडली. सारांश म्हणतो, "आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली. त्यानंतर त्याच्या सांगण्यावरून हिशोबाची वही गोडाऊनमधून जप्त करण्यात आली." आता मूळ कागद बघ. मेमोरंडम पंचनामा, म्हणजे आरोपीचं निवेदन पंचांसमोर लिहून घेतल्याचा कागद, दिंडोरीला, ठाण्यात, १५.४० ला सुरू आणि १६.२५ ला संपला. जप्ती पंचनामा पिंपळगावच्या गोडाऊनवर, सुरुवात १६.१०. दोन्हीकडे पंच तेच दोघे. एक पंचनामा संपायच्या पंधरा मिनिटं आधी दुसऱ्या गावात तेच पंच कसे पोचले? "त्यानंतर" हा शब्द फाईलमध्ये कुठेही नाही. गोष्ट सुरळीत वाचली जावी म्हणून तो यंत्रानं घातला, आणि आपल्या हाती आलेली फट बुजवून टाकली.

आणि ती "कबुली". पोलिसांसमोरची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. साक्ष अधिनियमाचं कलम २३, पूर्वीची २५ ते २७. त्या निवेदनातला जेवढा भाग वही सापडायला थेट कारण झाला, तेवढाच पुढे येऊ शकतो. तू हा सारांश जामीन अर्जाच्या टिपणाला आधार म्हणून वापरणार होतीस. आपल्याच टिपणात आपल्याच पक्षकारानं गुन्हा कबूल केला असता.

कलमांचंही बघ. माल गेला मार्च २०२४ मध्ये, फिर्याद झाली ऑगस्टमध्ये. नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. म्हणजे तपासाची पद्धत नव्या संहितेची, पण गुन्हा जुन्या दंड संहितेचा, ४२० आणि ४०६, म्हणजे फसवणूक आणि विश्वासघात. दोषारोपपत्रात ते बरोबर आहे. यंत्रानं त्याचं नव्या न्याय संहितेचं ३१८ आणि ३१६ करून टाकलं.

एआय वापरू नकोस, असं मी सांगत नाही. आज दुपारी मीच त्याला वेगळं काम दिलं. सारांश मागितलाच नाही. म्हटलं, प्रत्येक पंचनाम्याची तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, ठिकाण, पंच आणि पान नंबर यांचा तक्ता कर. जे वाचता येत नाही तिथे "वाचता येत नाही" असंच लिही. तक्ता उत्तम आला, आणि वेळांची ती गडबड त्यात एका नजरेत दिसली. मला शोधायला रात्र लागली होती. दोन चुका होत्या, दोन्ही हस्तलिखित पानांवर, १ चा ९ झालेला. म्हणून पान नंबरशिवायची एकही ओळ स्वीकारायची नाही, आणि नंबर असेल तर ते पान उघडून बघायचं. क्रमही हाच ठेव: आधी फाईल तू स्वतः एकदा वाचायची, मग तक्ता मागायचा. उलट केलंस तर सारांशात वाचलेलंच तुला फाईलमध्ये दिसत राहील. या वेळी तुझं तेच झालं.

एक गोष्ट मात्र विनंती म्हणून नाही, ऑफिसचा नियम म्हणून सांगते. पक्षकार आपल्याला जे सांगतो ते आपल्याकडे ठेव म्हणून असतं, साक्ष अधिनियमाचं कलम १३२ त्यासाठीच आहे. फुकटच्या खात्यावर कुठलाही कागद चढवायचा नाही. जे चढवायचं त्यातली नावं, पत्ते, मोबाईल, आधार आधी काळे करायचे. लैंगिक गुन्ह्यातला किंवा लहान मुलाचा कागद तर अजिबात नाही, काळा करूनही नाही. तशा फायली आपण हातानंच वाचायच्या, कितीही पानं असोत.

जबाब वाचताना आणखी एक जाणवलं, ते तुला सांगावंसं वाटतं. त्या ३७ जणांचं वर्षाचं पीक गेलं आहे. त्यांतल्या एकानं शेवटी सांगितलं आहे की छाटणीला आणि औषधांना सोसायटीचं कर्ज काढलं होतं, आणि मुलीचं लग्न पुढे ढकललं. आपण त्यांच्या विरुद्ध बाजूला उभे आहोत, तरी त्यांना उलट प्रश्न विचारताना हे तुला माहीत असलं पाहिजे. सारांशात ते "आर्थिक नुकसान झाले" एवढंच आलं आहे.

सुनावणी मंगळवारी आहे. शनिवारी नाशिक रोडच्या कारागृहात मुलाकातीला जाऊ, वहीतलं अक्षर त्याचंच आहे का हे त्याला विचारायचं आहे. त्याआधी पान ४१ ते १६३, सगळे जबाब, पेन्सिल घेऊन वाच. "दिली"खाली एक रेघ, "समजले"खाली दोन. माझा आकडा २३, ११ आणि ३ असा आला आहे. तुझा वेगळा आला तर रात्री कितीही वाजता फोन कर.

तुझी,
मॅडम