‘शर्करीकरण’ चालेल का? आणि झडपेवर कॅल्शियम ‘साचतं’ का?

प्रश्न असा आहे : मधुमेहींसाठीच्या माहितीपत्रकात ‘ग्लायकेशन’ला ‘शर्करीकरण’ म्हणावं का, आणि ‘मधुमेहामुळे हृदयाच्या झडपेवर कॅल्शियम साचतं’ हे वाक्य ठीक आहे का?

‘शर्करीकरणा’ला माझा साफ नकार. ‘-ईकरण’ आणि ‘-ईभवन’ ही रूपं संस्कृतातल्या च्वि प्रत्ययाची. त्यांचा अर्थ पक्का आहे : आधी जे तसं नव्हतं, ते तसं करणं किंवा होणं. शुद्ध नव्हतं ते केलं, शुद्धीकरण. वाफ नव्हती ती झाली, बाष्पीभवन. या हिशेबाने शर्करीकरण म्हणजे जे साखर नव्हतं त्याची साखर करणं. पिष्टमय पदार्थाची साखर होते तिथे तो शब्द शोभेल. ग्लायकेशनमध्ये प्रथिनाची साखर होत नाही, प्रथिनाला साखर चिकटते.

चिकटते तीही आपली आपण. पेशी जेव्हा एन्झाइम वापरून नेमक्या जागी साखर जोडते, तेव्हा ते ग्लायकोसायलेशन. इथे तसला कारागीर कोणी नाही. रक्तात ग्लुकोज जास्त आणि प्रथिन शेजारी, एवढं पुरतं. लॅबच्या रिपोर्टांवर अजूनही कुठे कुठे ‘ग्लायकोसायलेटेड हिमोग्लोबिन’ छापतात, तिथे ‘ग्लायकेटेड’ हवं. (लोक त्याला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात. मला तो शब्द या दोन्हींपेक्षा आवडतो.) दूध आटवताना खव्याला जो बदामी रंग चढतो तो याच जातीच्या रसायनक्रियेचा. लुई-कामिय मायार या फ्रेंच संशोधकाने ती १९१२ मध्ये मांडली. शरीरात आच मंद, म्हणून वेळ जास्त लागतो.

तांबडी पेशी साधारण १२० दिवसांनी मोडीत निघते, तिच्याबरोबर तिचं साखर चिकटलेलं हिमोग्लोबिनही जातं. झडपेच्या पाकळ्यांमधलं कोलॅजन, म्हणजे पाकळीला बळकटी देणारं धाग्यांसारखं प्रथिन, मात्र वर्षानुवर्षं तेच राहतं. त्याला चिकटलेल्या साखरेची पुढे रूपांतरं होत जातात आणि कोलॅजनच्या दोन धाग्यांमध्ये न सुटणारे टाके पडतात. एरवी मिलिमीटरभरही जाड नसलेली, दिवसाला लाखभर वेळा उघडझाप करणारी पाकळी ताठर होऊ लागते. गाय-बैलाच्या किंवा डुकराच्या ऊतींपासून बनवलेल्या कृत्रिम झडपाही यातून सुटत नाहीत.

आता ‘साचतं’. गिझरच्या कॉइलवर क्षार साचतात तसं चित्र या क्रियापदाने उभं राहतं : पाण्यात होतं, खाली बसलं. झडपेबद्दलही बराच काळ असंच समजत होते. पण रुग्णाच्या स्वतःच्या झडपेत हे काम बऱ्याच अंशी पेशी करतात. साखर चिकटलेली जुनाट प्रथिनं पेशीवरच्या ‘रेज’ नावाच्या ग्राहकाला (अशी प्रथिनं पकडून पेशीला इशारा देणाऱ्या रिसेप्टरला) जाऊन भिडतात, दाह पेटता राहतो, आणि पाकळीतल्या पेशी हाडं घडवणाऱ्या पेशींसारखं वागू लागतात. तिथे जमतं ते हाडात असतं त्याच प्रकारचं कॅल्शियम फॉस्फेट. काही झडपांमध्ये तर सूक्ष्मदर्शकाखाली खरोखरचं हाड सापडतं. तिथे ‘अस्थीभवन’ हा शब्द च्विच्या अर्थाने तंतोतंत बसतो : हाड नव्हतं, ते झालं. सरसकट मात्र तो वापरू नये, कारण बहुतेक झडपांमध्ये नुसते कॅल्शियमचे खडे असतात. त्यांना ‘कॅल्सिफिकेशन’च म्हणा, डॉक्टरही तेच म्हणतात.

‘साचतं’ लिहिण्यात आणखी एक धोका आहे. ते वाचून माणूस पहिल्यांदा दूध बंद करतो, आणि या भानगडीत दुधाचा काही दोष नसतो. शिवाय ‘मधुमेहामुळे’ म्हटलं की तेवढंच एक कारण वाटतं. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, महाधमनीच्या झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असणं, यांचाही वाटा असतो.

मी पत्रकात असं लिहीन : ‘रक्तातली साखर बरीच वर्षं जास्त राहिली तर ती झडपेतल्या प्रथिनांना चिकटते. त्यामुळे झडप कडक होण्याला आणि तिच्यात कॅल्शियमचे खडे तयार होण्याला हातभार लागतो.’ ‘ग्लायकेशन’ हा शब्द द्यायचाच असेल तर पहिल्या वाक्यानंतर ‘याला ग्लायकेशन म्हणतात’ एवढं जोडा.