विडाल १:१६० आली म्हणजे टायफॉइड नक्की का? परत टेस्ट कधी करावी?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: मुलगा चौदा वर्षांचा, तापाच्या तिसऱ्या दिवशी विडाल ही टायफॉइडसाठीची रक्ततपासणी केली, रिपोर्टच्या ‘ओ’ रकान्यात १:१६० आला, त्याच संध्याकाळी सेफ्ट्रिॲक्सोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू झालं. तीन डोस झाले तरी ताप १०२ आहे. आता हा टायफॉइडच आहे का, आणि ‘निगेटिव्ह झाली का’ हे बघायला विडाल परत कधी करायची?

शेवटचं आधी सांगून टाकते. निगेटिव्ह झाली का बघायला विडाल करूच नका. आजार बरा झाला तरी ते आकडे कित्येक महिने चढलेले राहू शकतात. आमच्या लॅबमध्ये ‘अजून टायफॉइड अंगात आहे’ म्हणून दर महिन्याला रक्त द्यायला येणारी माणसं होती. धडधाकट, भूक उत्तम, फक्त रिपोर्ट बघून चेहरा पडलेला. आम्ही समजावून परत पाठवलं की शेजारच्या लॅबमध्ये जायची.

आणि तिसऱ्या दिवसाची विडाल मी मानत नाही. विडाल जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीरानं तयार केलेल्या अँटिबॉडीज शोधते. त्या तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. मग तिसऱ्याच दिवशी १:१६० कुठून आला? बहुधा आधी कधीतरी होऊन गेलेल्या संसर्गातून. पावसाळ्यात रस्त्यावरची पाणीपुरी खाऊन वाढलेल्या इंदुरी पोराचं रक्त कोरं असेल अशी अपेक्षाच चुकीची आहे.

मी नोकरीची सगळी वर्षं इथे इंदुरात एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन होते. विडाल या हातांनी केली आहे, म्हणून त्या आकड्याचं मला कौतुक नाही. पांढऱ्या स्लाइडवर गोल आखलेले असतात. एकात सीरम ८० मायक्रोलिटर, पुढच्यात ४०, मग २०, १०, ५. प्रत्येकात मेलेल्या जंतूंच्या रंगीत द्रावणाचा एक थेंब. काडीनं कालवायचं आणि स्लाइड हातात धरून एक मिनिट गोल गोल हलवायची. बारीक कण जमलेले दिसले की शेवटचे कुठल्या गोलात दिसले ते बघून आकडा लिहायचा. २० वाल्यात दिसले तर १:८०, १० वाल्यात दिसले तर १:१६०. तेवढ्यात फोन वाजला, मिनिटाची दोन मिनिटं झाली, पंख्यानं कडा सुकल्या, की त्या सुकलेल्या कडेला नसलेले कणही दिसायला लागतात. ऑगस्टमध्ये संध्याकाळी सात वाजता टेबलावर नमुन्यांची रांग लागलेली असताना १:८० आणि १:१६० यांतला फरक बघणाऱ्याच्या डोळ्यांवर असतो.

एका पावसाळ्यात आम्ही लॅबमधल्या सगळ्यांनी आपलीच विडाल करून पाहिली. ताप एकालाही नव्हता. माझा ओ १:८०, आमच्या शिपायाचा १:१६०. शिपाई त्या रात्री सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाऊन दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर! ही आमची गंमत झाली, पण निरोगी रक्तदात्यांचं रक्त तपासून हेच पाहणारे अभ्यास आपल्या देशात ठिकठिकाणी झालेत. जिथे टायफॉइड कायम मुक्कामाला आहे तिथे ठणठणीत माणसांतही हे आकडे सापडतात, म्हणून प्रत्येक भागानं आपली पातळी ठरवावी असं सांगितलं जातं. रिपोर्टच्या छापील कागदावर मात्र सगळीकडे तीच एक ठरलेली पातळी छापलेली असते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

माझा भाचा कॉलेजात असताना ऑगस्टमध्ये मित्रांबरोबर इंदूरजवळच्या जानापावच्या डोंगरावर गेला, गवतात लोळून फोटो काढून आला. आठ-दहा दिवसांनी ताप. डोकं फुटेल असं दुखणं, पोटात दुखणं. ताई राजेंद्रनगरला राहते. तिथल्या डॉक्टरांनी विडाल लिहून दिली आणि नमुना माझ्याकडेच आला. १:१६०. मी लगेच फोन केला. म्हटलं, भाऊजी, एवढ्यावर जाऊ नका, इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी ब्लड कल्चरला, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, रक्त देऊ या, मी स्वतः येऊन काढते. भाऊजी बँकेत मोठ्या हुद्द्यावर, त्यांच्या लेखी आकडा म्हणजे आकडा. म्हणाले, “कल्चरचा रिपोर्ट पाच दिवसांनी येणार, तोवर पोराला तापात ठेवू? आणि तू रक्त काढतेस, औषध डॉक्टर ठरवतात.”

दुसरं वाक्य सोडून देते (सोडलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल). पहिल्याचं उत्तर देते, कारण तुमच्याही घरात कुणीतरी हेच म्हणणार. थांबायला सांगतंय कोण? रक्त काढायला पाच मिनिटं लागतात. बाटली भरली की खुशाल इंजेक्शन द्या. रिपोर्ट आल्यावर औषध लागू पडणारं आहे की नाही ते कळतं, नसेल तर बदलता येतं. क्रम उलटा केला की अँटिबायोटिकमुळे जंतू वाढतच नाहीत आणि कल्चर निगेटिव्ह येतं. टायफॉइडमध्ये मुळात रक्तातले जंतू फार थोडे, मिलिलिटरमागे जेमतेम एखादा. म्हणून मोठ्या माणसाचं ८ ते १० मिलिलिटर रक्त बाटलीत जायला हवं. दोन मिलिलिटरवर केलेलं कल्चर निगेटिव्ह आलं तर त्यात नवल काय?

भाच्याला इंजेक्शनं सुरू झाली. ताप १०३. शेजारच्या आजींनी मोतीझरा (टायफॉइडच) आहे म्हणून घरातली फोडणी बंद करायला लावली. प्लेटलेट्स उतरल्या तेव्हा डेंगू म्हणून धावपळ झाली, डेंगू निगेटिव्ह. मग भाऊजींनाच कल्चर आठवलं. तेही निगेटिव्ह, आणि इतक्या इंजेक्शनांनंतर त्या निगेटिव्हचा काही अर्थ लागत नव्हता. शेवटी मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथल्या फिजिशियन बाईंनी जाडजूड फाइल बाजूला ठेवली आणि भाच्याला म्हणाल्या, “शर्ट काढ. बनियनपण.” हात वर करायला लावले. डाव्या काखेत उदबत्तीचा चटका बसल्यासारखी काळी खपली, भोवती लाल कडं. दुखत नव्हती, खाजत नव्हती, त्यामुळे पोराला स्वतःला पत्ता नव्हता. तोवर ज्यांनी ज्यांनी तपासलं त्यांनी स्टेथोस्कोप शर्टावरूनच लावला होता.

स्क्रब टायफस. गवता-झुडपांतल्या माइट नावाच्या किड्याचं पिल्लू चावून होतो, चावल्याचं कळतसुद्धा नाही. डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल सुरू झाल्या आणि दोन दिवसांत ताप उतरला. नंतर आयजीएम एलायझा ही स्क्रब टायफसची रक्ततपासणीही पॉझिटिव्ह आली.

भाऊजींचं मत विचाराल तर, “इंजेक्शनांचा असर उशिरा झाला.” लग्नकार्यात भेटले की अजून हेच सांगतात, तेही चार लोकांत.

ताप उतरला एवढ्यावरून त्यांना खोटं पाडता येत नाही, हे मला कळतं. टायफॉइडचा ताप बरोबर औषधानंही रेंगाळतो. एका रोग्यावरून कुठल्याच औषधाचा निकाल लागत नाही, म्हणून तर वैद्यकीय अभ्यास करावे लागतात. आणि या दोन तापांची गल्लत फक्त राजेंद्रनगरला झालेली नाही. १९४८ साली क्वालालंपूरला अमेरिकन डॉक्टरांचं एक पथक क्लोरॅम्फेनिकॉल हे नवं औषध स्क्रब टायफसवर चालतं का ते बघत होतं. स्क्रब टायफस समजून ज्यांना औषध दिलं त्यांच्यातल्या दोघांच्या कल्चरमध्ये टायफॉइडचे जंतू निघाले, आणि ते दोघेही सुधारायला लागले. टायफॉइडवर हमखास लागू पडणारं पहिलं औषध असं हाती आलं. कल्चर लावलं नसतं तर ‘स्क्रब टायफसचे आणखी दोन बरे’ एवढीच नोंद झाली असती. भाऊजींना हे ऐकवलं तर म्हणाले, जुनी गोष्ट झाली.

बरं, नवी घ्या. २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आपल्याच देशातला अभ्यास छापून आला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा (सीएमसी) पुढाकार, सात केंद्रं, गंभीर स्क्रब टायफसचे ७९४ रोगी. शिरेतून कुणाला डॉक्सिसायक्लिन, कुणाला अझिथ्रोमायसिन, कुणाला दोन्ही, आणि कुणाला काय हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्यागत ठरवलेलं. मृत्यू, न हटणारा ताप किंवा आठवड्यानंतरही न सुटलेली गुंतागुंत, यांपैकी काहीतरी वाट्याला आलेले रोगी एकेका औषधात ४७-४८ टक्के निघाले आणि दोन्ही मिळून दिलेल्यांत ३३ टक्के. मृत्यूंच्या संख्येत मोठा फरक पडला नाही, हेही त्यात स्वच्छ लिहिलंय. सेफ्ट्रिॲक्सोनचा गट त्यात नव्हताच, कारण त्या जातीची औषधं या जंतूवर चालत नाहीत हे आधीपासून माहीत आहे. भाऊजी, वाचताय ना?

विडाल साहेबांवर माझा राग नाही. १८९६ साली पॅरिसमध्ये त्यांनी ही परीक्षा काढली तेव्हा ती मोठी गोष्ट होती. आजही रीतसर केली तर तिला अर्थ आहे: आठवडा-दहा दिवसांच्या अंतरानं दोन नमुने, आणि दुसऱ्यात आकडा चौपट. पण दुसरा नमुना द्यायला येणारा रोगी मी क्वचितच पाहिला. ताप उतरला असेल तर तो कशाला येईल, आणि नसेल तर तोवर दोन डॉक्टर बदललेले असतात.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर तीन डोसांवर घाबरू नका. औषध बरोबर असलं तरी टायफॉइडचा ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. इंजेक्शन माझ्या सांगण्यावरून बंद तर अजिबात करू नका. मी डॉक्टर नाही, मुलाला पाहिलेलं नाही आणि त्याला टायफॉइड असूही शकतो. कल्चरसुद्धा देवाची वाणी नाही, खऱ्या टायफॉइडमध्येही दहातले चारेक रोगी त्यातून निसटतात. आणि जिथे कल्चरची सोयच नाही तिथला डॉक्टर लक्षणं बघून औषध सुरू करतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. इंदुरात सोय आहे, तरी करत नाहीत, यावर माझं भांडण आहे.

उद्या डॉक्टरांना विचारा की मलेरियाची तपासणी झाली का, डेंगूची झाली का, प्लेटलेट्स आणि लिव्हरचे आकडे काय म्हणतात. अलीकडे मुलगा कुठे रानात, शेतात, सहलीला गेला होता का ते आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका. आणि आज रात्रीच त्याला चांगल्या उजेडात उघडा करून बघा: काखा, जांघा, नाडी बांधतो ती कंबर, कानांच्या मागे, केसांत. चौदा वर्षांचं पोर आईपुढे लाजेल, वडिलांनी बघावं. काळी खपली दिसली तर फोटो काढून ठेवा आणि सकाळी दाखवा. दिसली नाही म्हणून स्क्रब टायफस नाही असंही नाही, पुष्कळांना ती नसतेच. ग्लानी, धाप, शौचातून रक्त किंवा पोट कडक होऊन असह्य दुखणं, यातलं काही दिसलं तर उद्यापर्यंत थांबू नका.

बरा झाला की टायफॉइडच्या कॉन्ज्युगेट लसीचं विचारा. नेपाळमध्ये मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत तिनं ८१.६ टक्के संरक्षण दिलं. आमच्या भाऊजींनी नातवाला ती टोचून घेतली. मी दोन वर्षं सांगत होते, टोचली ती बँकेतल्या मित्रानं सांगितल्यावर.

कल्चर आता करावं का? इंजेक्शनांनंतर शक्यता कमी झाली आहे, तरी ताप असाच राहिला तर डॉक्टर कदाचित सांगतील, आणि सांगितलं तर पैशाकडे बघून टाळू नका. पुढचा डोस द्यायच्या आधी रक्त काढायला लावा. फॉर्मवर कुठलं अँटिबायोटिक चालू आहे आणि पहिला डोस कधी दिला ते ठळक लिहून घ्या. तो रकाना नेहमी रिकामा येतो.