सिस्टर फक्त सही करतात

"मॅडम, शिकायचं मनात लई आहे. पण शिकेपर्यंत घर कोण चालवणार?"

हडपसरच्या वस्तीतल्या केंद्रावर मी आठवड्यातून दोनदा समुपदेशनाला बसते. घरकाम करणाऱ्या, सिक्युरिटीत बारा-बारा तास उभं राहणारे, ठेकेदाराकडे हाऊसकीपिंगला असणारे, सगळ्यांच्या तोंडी फिरून फिरून हेच वाक्य येतं. काम आहे, रोज आहे, तरी वीस तारखेनंतर उसनवारी सुरू. म्हणून सुनंदाची (नाव बदललं आहे) गोष्ट लिहिते. सुरुवातीच्या चार महिन्यांच्या भेटी इथे चार-पाच प्रसंगांत आवळल्या आहेत.

ती आली ती झोप लागत नाही म्हणून. वय तीस. केज तालुक्यातलं माहेर, आईवडील ऊसतोडीला. दिवाळीनंतर बिऱ्हाड कारखान्यावर गेलं की शाळा बंद, धाकट्या भावंडांना सांभाळायचं. असं करत आठवी झाली आणि नववीत गणितात गटांगळी खाल्ल्यावर शाळा सुटली ती सुटलीच. आता एका खाजगी हॉस्पिटलात ठेकेदारामार्फत 'मावशी'. महिना ११,४००, बारा तासांची ड्युटी, एक खाडा झाला की ३८० कापले. नवरा भाड्याची रिक्षा चालवतो, दोन मुलं.

झोप उडाली होती ती एका क्लासवाल्यामुळे. सहा महिन्यांत नर्स करून देतो, फी ४५,००० रुपये. सावकाराकडून पैसे उचलायचं जवळपास ठरलं होतं.

तो विषय मी लगेच मिटवला. एएनएमला, म्हणजे सहायक नर्सच्या कोर्सला, बारावी लागते, कोर्स दोन वर्षांचा आणि वयाची अट ३५ पर्यंतची. जीएनएम, म्हणजे त्याच्या वरचा नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचा. सहा महिन्यांत कुणी नर्स होत नाही. संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, ते पैसे भरायच्या आधी बघायचं; भरल्यावर बघून उपयोग नसतो. हे ऐकून ती खचली. "म्हणजे आधी दहावी? मला गणित येत नाही मॅडम. ते जमायचं नाही."

माझा पिंड अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ पद्धतीवर पोसलेला. माणसाला प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दलची मनातली वाक्यं जास्त छळतात, हे मी पंचवीस वर्षं पाहत आले आहे. त्यामुळे सुरुवातीला मी तिच्या सगळ्याच भीतीला हात घातला. नापास झालात तर काय आकाश कोसळेल? खाडे झाले तर असं काय होईल? ती शांतपणे म्हणाली, "भाडं थकेल."

मी गप्प बसले. ही भीती अविवेकी नव्हतीच. तो चोख हिशेब होता आणि मी त्याच्यावर उपचार करायला निघाले होते. गरिबाच्या सावधपणाला आपण 'न्यूनगंड' म्हणून मोकळे होतो, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड.

पुढच्या भेटीत मी भीतीबद्दल काही विचारलंच नाही. म्हटलं, कालची ड्युटी सांगा, सुरुवातीपासून.

तिने सांगितली. चादरी, बेडपॅन, स्पंजिंग. मग म्हणाली, "सात नंबरच्या आजोबांचं इनटेक-आउटपुट होतं." म्हणजे काय, मी विचारलं. ती उत्साहाने सांगू लागली. सलाईन, पाणी, सूप, जे जे पोटात गेलं ते मिलीमध्ये लिहायचं. लघवीच्या पिशवीवरचे आकडे वाचून तेही लिहायचं, दर दोन तासांनी. "दिवसभरात १,८०० गेलं आणि ६५० च आलं. मी सिस्टरला म्हणलं, पायाला सूज पण दिसतीये, डॉक्टरला कळवा."

"बेरीज-वजाबाकी कोण करतं?"

"मीच की. सिस्टर फक्त सही करतात."

मी कागद पुढे सरकवला. "१,८०० मधून ६५० गेले?"

"अकराशे पन्नास." पेन उचललंसुद्धा नाही. मग माझ्याकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. "पण ते गणित थोडीच आहे मॅडम!"

"मग काय आहे?"

बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी मध्ये काही बोलले नाही. अशा वेळी न बोलणं मला आता साधतं. तिच्या मनातलं एकच वाक्य खोटं होतं, 'मला गणित येत नाही'. बाकीची भीती खरी होती, आणि तिला समजुतीच्या गोष्टींची नाही, पैशांच्या तरतुदीची गरज होती.

ती तरतूद तिनेच केली. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायची. दाखल्यासाठी गावी दोन दिवस, फॉर्मचा एक, तोंडी-प्रात्यक्षिकाचे दोन, पेपर नऊ. चौदा खाडे, ५,३२० रुपये. दहा जणींची हजाराची भिशी होती. तिने आपला नंबर परीक्षेच्या महिन्यात लावून घेतला. गावाला एसटीने अर्ध्या तिकिटात गेली. अभ्यास नाइट ड्युटीत, पहाटे तीन ते पाच. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, ती उगाच नाही.

ज्यांना हाच प्रश्न पडतो त्यांना माझं सांगणं असं, की आधी खाडे मोजा, मग कोर्स निवडा. शाळा सोडल्याचा दाखला आजच शोधा, निम्म्यांचं गाडं तिथेच अडतं. आणि कर्ज काढून शिकण्याआधी आहे त्या कामाचं किमान वेतन आणि जादा तासांचा दुप्पट दर मिळतोय का, ते एखाद्या युनियनवाल्याला विचारा. शिक्षण कमी म्हणून पगार कमी, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं ठेकेदाराच्या खिशात असतं. सुनंदाच्या जुन्या ठेकेदाराने जादा तासांचा रुपयाही दिला नाही, आणि ती भांडलीही नाही. तो तिचा निर्णय. मला तो पटला नव्हता.

दहावी झाली, गणितात ४३. मग जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णसेवेतल्या मदतनिसाचा, सरकारी योजनेतला कोर्स, आणि दुसऱ्या हॉस्पिटलात थेट पगारपत्रकावर नोकरी. आठ तास, १५,०००, पीएफ कापून. श्रीमंती आलेली नाही. वीस तारीख मात्र पंचवीसवर गेली.

मागच्या महिन्यात आली. बारावीचा फॉर्म भरतेय, एएनएमच्या वयात काठावर बसेल. मी विचारायच्या आधीच तिने पर्समधून चिठ्ठी काढली. आठ दिवस, त्यातले तीन पगारी रजेत, उरलेल्या पाचांचे अडीच हजार.

"भिशीचा नंबर फेब्रुवारीत घेतलाय," म्हणाली.