रांगेत अडकलेला मेसेज

प्रश्न : दादा, मी घणसोलीला राहते, ऐरोलीत एका छोट्या कंपनीत जावावर काम करते, दीड वर्ष झालं. रॅबिटएमक्यूच्या (मेसेज रांगेत धरून पुढे देणारं सॉफ्टवेअर) क्यूमधून, म्हणजे रांगेतून, ऑर्डरचे मेसेज येतात, स्प्रिंग बूटचा लिसनर (क्यूतले मेसेज उचलणारा आमचा जावा कोड) ते वाचून डेटाबेसमध्ये टाकतो. मागच्या महिन्यात एका ऑर्डरला पिनकोडच नव्हता, नलपॉइंटरची एरर आली आणि तोच मेसेज रात्रभर फिरत राहिला, सकाळी बघते तर लॉगनेच डिस्क फुल. मग सिनियरने सगळ्याला ट्राय-कॅच (एरर पकडून पुढे न जाऊ देणारा कोड) लावला, एकदम शांत. आता सपोर्टवाले म्हणतात काही ऑर्डर गायब आहेत. नक्की करायचं काय?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : हसलो म्हणून रागावू नकोस, हेच मी पण करून बसलोय, फक्त आमची डिस्क छोटी होती त्यामुळे दोन तासांतच भरली.

आधी रात्री काय झालं ते बघ. तुमच्या स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग लागते ना, समज पहिल्या नंबरच्या माणसाकडे फक्त पाचशेची नोट आहे, रिक्षावाला म्हणाला सुट्टे नाहीत, उतरा. आणि हा माणूस उतरून परत पहिल्याच नंबरवर उभा! पुढची रिक्षा, परत तेच. स्प्रिंगमध्ये लिसनरने एक्सेप्शन (एरर) फेकलं की डिफॉल्टने मेसेज रिक्यू होतो, म्हणजे परत रांगेत जातो, आणि रॅबिट त्याला जमलं तर जुन्याच जागेवर ठेवतो, मागे पाठवत नाही. मधे थांबणं वगैरे काही नाही, त्यामुळे सेकंदाला कितीतरी वेळा तोच स्टॅकट्रेस छापला जातो.

सिनियरने केलं ते मात्र जास्त वाईट, सॉरी. रॅबिटला तुझा कॅच दिसत नाही. मेथड गुपचूप संपली की स्प्रिंगला वाटतं काम झालं, तो अ‍ॅक (काम झालं अशी पोच) पाठवतो, आणि अ‍ॅक मिळाला की रॅबिट मेसेज कायमचा पुसतो. कॅचमध्ये नुसतं प्रिंटस्टॅकट्रेस असेल तर एरर दिसेल पण ऑर्डर कुठली होती ते कळणार नाही, मग पाठवणाऱ्या टीमचे पाय धरा आणि त्या दिवसांच्या ऑर्डर परत मागवा, दुसरा रस्ता नाही.

माझं म्हणणं एवढंच की एरर आली की आधी विचार, बिघाड मेसेजमध्ये आहे की बाहेर. पिनकोड नाही म्हणजे मेसेजच खराब, हजार वेळा वाचलास तरी पिनकोड उगवणार नाही. डेटाबेस रिस्टार्ट होतोय म्हणजे मेसेज चांगला आहे, जरा थांबून परत कर. या दोघांना एकच कॅच लावला की गोंधळ होणारच.

बाहेरच्या बिघाडासाठी स्प्रिंग बूटच्या प्रॉपर्टीजमध्ये लिसनरचा रिट्राय (परत परत प्रयत्न) चालू कर. डिफॉल्टने एकूण 3 प्रयत्न आणि मधे 1 सेकंद, हे डेटाबेसला कमी पडतं, मी 5 प्रयत्न आणि मल्टिप्लायर 2 (दर वेळी थांबणं दुप्पट) ठेवतो म्हणजे 1, 2, 4, 8 असे 15 सेकंद मिळतात. तेवढा वेळ मेसेज वाचणारा तो थ्रेड मात्र अडकून राहतो आणि मागचे मेसेज ताटकळतात, म्हणून उगाच अर्ध्या तासाचा रिट्राय लावू नकोस. सगळे प्रयत्न संपले की मेसेज रिजेक्ट होतो, रिक्यू होत नाही, आणि इथेच खड्डा आहे, क्यूला डेड लेटर एक्सचेंज (नाकारलेले मेसेज बाजूच्या डेड लेटर क्यूत वळवणारी रॅबिटची सोय) जोडलेलं नसेल तर रिजेक्ट झालेला मेसेज सरळ कचऱ्यात जातो. म्हणजे फिरून परत ऑर्डर गायब. ते आधी जोड, रिट्राय नंतर.

जोडताना कोडमधल्या क्यूच्या डिक्लेरेशनमध्ये नवीन आर्ग्युमेंट घातलंस आणि क्यू आधीपासून असेल तर 406 प्रीकंडिशन फेल्ड (नवीन सेटिंग जुन्या क्यूशी जुळत नाही) अशी एरर येईल, लोक घाबरून प्रॉडक्शनची क्यूच डिलीट करतात, आत मेसेज असताना! तसं करू नकोस, कोडच्या बाहेरून, रॅबिटमध्येच पॉलिसी (क्यूंना लागू होणारा नियम) लाव, चालू क्यूला पण लागते.

आता पिनकोडवाला मेसेज पण 15 सेकंद आपटून मगच बाजूला जाईल. ते नको असेल तर लिसनरच्या पहिल्या ओळींतच तपास आणि खराब असेल तर स्वतःच दुसऱ्या क्यूत टाकून रिटर्न हो. आणि हो, अर्धी ऑर्डर सेव्ह होऊन मग एरर आली तर रिट्रायमध्ये ती दुसऱ्यांदा सेव्ह होईल, म्हणून ऑर्डर नंबरवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच नंबर दुसऱ्यांदा न घेणारा डेटाबेसचा नियम) हवाच. ग्राहकाला एकाच कुकरचे दोन कुकर गेले की फोन तुलाच येतो.

प्रश्न : डेड लेटर क्यू लावली, सहा महिन्यांनी बघितलं तर आत अडीच हजार मेसेज. सगळे परत मेन क्यूत ढकलू का?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : अजिबात नाही, आधी बघा तरी. प्रत्येक मेसेजवर एक्स-डेथ नावाचं हेडर असतं, त्यात कुठल्या क्यूतून आला आणि का ते लिहिलेलं असतं, रिजेक्ट झाला, एक्स्पायर झाला की क्यू भरली. त्यावरून ढीग वेगळे करा. कोड दुरुस्त केल्यावर जे आता चालतील तेच शॉवेल प्लगिनने (एका क्यूतून दुसऱ्या क्यूत मेसेज हलवणारं रॅबिटचं साधन) परत पाठवा, तेही आधी दहा-वीस. आणि सहा महिन्यांनी कळलं म्हणताय, तर त्या क्यूत एक जरी मेसेज आला तरी कुणाचा तरी फोन वाजेल असा अलर्ट आजच लावा, आणि तो फोन सुट्टीवर असणाऱ्याचा नसावा.