बी.जे. १८६७चं, १८७८चं की १९४६चं?

मुलीचं मनापासून अभिनंदन! बी.जे., म्हणजे पुण्याचं बैरामजी जीजीभॉय हे सरकारी मेडिकल कॉलेज, मिळणं आमच्या वेळीही सोपं नव्हतं, आता नीटच्या रेट्यात तर विचारायलाच नको.

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: कॉलेज नक्की कधीचं (कुठे १८७८ वाचलंत, कुठे १९४६, आणि गेटवरची ससून रुग्णालयाची इमारत तर त्याहून जुनी), ससून आणि बी.जे. एकच का, पारशी माणसाचं नाव असलेलं कॉलेज सरकारी कसं, आणि बार्शीहून नातेवाईक पेशंट घेऊन आले तर मुलीच्या ओळखीचा उपयोग होईल का. शेवटचा प्रश्न तुम्ही हसत लिहिलाय, पण पहिल्या दिवाळीच्या आत तोच खरा ठरणार आहे. त्याकडे शेवटी येतो.

मी बी.जे.चाच. ऐंशीच्या दशकात एम.बी.बी.एस. आणि मग तिथेच सर्जरी. पुढे खासगी प्रॅक्टिस केली. तेव्हा थोडं प्रेमाने आणि थोडं कुरकुरत लिहितोय असं समजा.

आधी हॉस्पिटल. १८६३ मध्ये बोर घाटाची चढण पुरी झाली आणि मुंबई-पुणे रेल्वे सलग धावू लागली. पुण्यात लष्कर होतं, पावसाळ्यात गव्हर्नर मुक्कामाला येत आणि त्यांच्या मागे मुंबईचे धनिक. त्यांतले एक डेव्हिड ससून. मूळचे बगदादचे यहुदी, तिथल्या राजवटीच्या जाचाला कंटाळून बाहेर पडलेले आणि मुंबईत व्यापारात प्रचंड पैसा केलेले. त्या पैशात कापूस होता तशी अफूही होती, हे त्यांच्या नावाचे फलक वाचताना कुणी सांगत नाही. पुण्यात सर्वांसाठी रुग्णालय व्हावं म्हणून त्यांनी मोठी देणगी दिली. १८६४ मध्ये ते पुण्यातच वारले आणि रुग्णालय सुरू झालं १८६७ मध्ये, म्हणजे त्यांनी ते चालू झालेलं पाहिलंच नाही. कॅम्पात लाल विटांचं उंच मनोऱ्याचं सिनेगॉग आहे, ज्याला आपण लाल देऊळ म्हणतो, तिथे त्यांची कबर आहे. ते सिनेगॉग आणि ससूनची जुनी दगडी इमारत, दोन्हींचा आराखडा एकाच माणसाचा: रॉयल इंजिनिअर्समधले हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स. मुलीला सोडायला याल तेव्हा वेळ काढून दोन्ही पाहा.

सुरुवातीला १४४ रुग्णांची सोय होती. आज मंजूर खाटा सुमारे तेराशे आहेत. जागा मात्र तीच, स्टेशनजवळची, गाव आणि कॅम्प यांच्या मधली. त्यामुळे सोलापूर-दौंडकडून गाडीने येणाऱ्या माणसाला उतरल्यावर रिक्षाही लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रातून अवघड केस ‘ससूनला घेऊन जा’ म्हणून पुढे पाठवतात, त्याच्या मुळाशी हा रेल्वेचा हिशोब बराच आहे.

आता वैद्यकीय शाळा. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून होतं, पण तिथून बाहेर पडणारे डॉक्टर मोजके, आणि ते मुंबई सोडून तालुक्याच्या दवाखान्यात जायला राजी नसत. (दीडशे वर्षं होऊन गेली, तक्रार तीच.) सरकारला दवाखाने, तुरुंग, यात्रा आणि साथी सांभाळायला कमी पगारावर काम करणारी शिकलेली माणसं हवी होती. त्यांना म्हणत हॉस्पिटल असिस्टंट. त्यांच्यासाठी ग्रँटमध्येच १८६१ पासून मराठी आणि गुजराती वर्ग चालत, आणि त्याच धर्तीवर पुढे पुण्यात आणि अहमदाबादेत वैद्यकीय शाळा निघाल्या. थोडक्यात, मराठीतून वैद्यक शिकवायचं की नाही यावर आज आपण हमरीतुमरीवर येतो, तो प्रयोग एकोणिसाव्या शतकात पार पडून जुनाही झाला होता.

या दोन्ही शाळांना मुंबईचे पारशी दानशूर बैरामजी जीजीभॉय यांनी देणग्या दिल्या, म्हणून दोन्हींना त्यांचं नाव. अहमदाबादेतही बी.जे. मेडिकल कॉलेज आहे, ते हेच. इंटरनेटवर दोन्हींची माहिती सर्रास एकमेकांत मिसळलेली असते. अहमदाबादची शाळा १८७१ची, बैरामजींची २० हजारांची देणगी तिला १८७९ मध्ये मिळाली. पुण्याच्या शाळेपुढे कुठे १८७१ तर कुठे १८७८ छापलेलं दिसेल. दशक तेच असल्याने मी त्यावर वाद घालत नाही. आणखी एक घोळ: बैरामजी म्हणजे जे.जे. हॉस्पिटलवाले सर जमशेटजी नव्हेत. माणसं वेगळी, नावातलं ‘जीजीभॉय’ तेवढं सारखं.

शाळेला ससूनच्या आवारातच जागा मिळाली, कारण शिकवायला रुग्ण लागतात आणि ते तिथे होते. ससून आणि बी.जे. एकच का, याचं उत्तर इथेच आहे. कॉलेज बांधून त्याला हॉस्पिटल जोडलेलं नाही. चालत्या हॉस्पिटलच्या अंगणात आधी शाळा आली आणि तिचं कॉलेज झालं. आजही दोन्हींचे प्रमुख एकच, अधिष्ठाता, म्हणजे डीन.

मुंबईत १९१२ मध्ये कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स निघालं आणि पुढे या शाळांतली मुलं त्याची एल.सी.पी.एस. ही पदविका घेऊ लागली. तुमच्या बार्शीत जुन्या पेठेत एखाद्या दवाखान्याच्या पाटीवर ‘एल.सी.पी.एस.’ वाचल्याचं घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तालुक्यातालुक्याला हेच डॉक्टर होते. प्लेगापासून बाळंतपणापर्यंत सगळं त्यांनी निभावलं, तरी पदवीवाले त्यांना जरा खालचे समजत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेमलेल्या भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. डॉक्टर एकाच दर्जाचा असावा, पदविकेच्या शाळा एकतर कॉलेज कराव्यात नाहीतर बंद कराव्यात, असा तिचा रोख होता. त्याच वर्षी, बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान (मुख्यमंत्र्यांना तेव्हा असंच म्हणत) असताना, पुण्याच्या आणि अहमदाबादच्याही शाळेचं कॉलेज झालं. म्हणून एम.बी.बी.एस.चं कॉलेज विचाराल तर १९४६. विद्यापीठ आधी मुंबईचं, मग पुण्याचं, आणि १९९८ नंतर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. सुरुवातीच्या काळातले प्राचार्य डॉ. भा. बा. दीक्षित पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले.

तेव्हा हॉस्पिटल १८६७, शाळा १८७०च्या दशकातली, कॉलेज १९४६. तिन्ही सालं खरी. कुणी एकच साल छातीठोकपणे सांगत असेल तर तो काय मोजतोय ते विचारायचं.

मला खरं लिहायचंय ते पैशाबद्दल. पारशी नाव आणि सरकारी कॉलेज, हे कोडं तुम्हाला पडलं ते बरोबरच आहे. इथे पहिल्यापासून एक पद्धत पडून गेली: इमारतीला दाता मिळतो, ती चालवायची सरकारने. डेव्हिड ससूनचं तसं, बैरामजींचं तसं. १९०९ मध्ये डेव्हिडचे नातू जेकब ससून यांनी युरोपियन रुग्णांसाठी वेगळी इमारत दिली तेव्हाही तसंच. आज कंपन्या सी.एस.आर.मधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, मशीन देतात, वॉर्ड रंगवून देतात, दारावर पाटी लागते, फोटो होतो. पण ते मशीन चालवणारा तंत्रज्ञ, रात्रपाळीची सिस्टर, स्ट्रेचर ढकलणारे मामा, वॉर्डातल्या मावशी यांचे पगार कुठला दाता देत नाही. त्यासाठी मंत्रालयातून पदं मंजूर व्हावी लागतात, मग भरती, मग निवृत्त झालेल्यांच्या जागी पुन्हा भरती. लग्नात भांडी देणारे शंभर असतात, दर महिन्याचा गॅस भरणारा एकच.

अकरा मजली नवी इमारत हे याचं अलीकडचं उदाहरण. दहा वर्षांहून जास्त काळ ती अर्धवट उभी होती. एप्रिल २०२० मध्ये कोविड आला आणि घाईघाईत तिथे कोविड रुग्णालय सुरू झालं. मजले होते, माणसं इकडून तिकडून जमवावी लागली. ससूनच्या बहुतेक दुखण्यांचं निदान मी तरी इथेच करतो, आणि डॉक्टरांच्या उद्धटपणावर अग्रलेख लिहिणाऱ्यांनी आधी रिक्त पदांचा तक्ता मागवावा असं माझं मत आहे.

पूर्वी यावर एक उतारा होता: ऑनररी. शहरातले नावाजलेले सर्जन आणि फिजिशियन आपली प्रॅक्टिस सांभाळून सकाळी येत, राऊंड घेत, ऑपरेशन करत, शिकवत, आणि मानधन जवळपास नसे. त्यांना नाव मिळे, विद्यार्थी मिळत, आणि गरिबाला शहरातला सर्वोत्तम हात मिळे. पुढे पूर्णवेळ शिक्षक आले. ते होणं गरजेचंच होतं, कारण सकाळी अकराला गाडीत बसणाऱ्या माणसावर विभाग चालत नाही. पण दोन्हींचा मेळ घालता आला असता असं मला अजून वाटतं.

गांधीजींचं ऑपरेशन सगळ्यांना माहीत असतं, तरी सांगतो, कारण ते ससूनचं काम नेमकं दाखवतं. ते येरवड्याच्या तुरुंगात होते. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं अपेंडिक्स काढलं. मुंबईहून त्यांच्या विश्वासातले डॉक्टर येईपर्यंत थांबणं धोक्याचं होतं, म्हणून उदारमतवादी पुढारी श्रीनिवास शास्त्रींना बोलावून त्यांच्यासमोर संमतीच्या निवेदनावर सही झाली. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि शेवट कंदिलाच्या उजेडात झाला. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली. ती खोली आजही जपलेली आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की येरवड्याचा कैदी आजारी पडला की आजही ससूनलाच येतो. बेवारस येतो, जळालेली बाई येते, हायवेवरचा अपघात येतो. ‘मृतदेह शवविच्छेदनासाठी ससून रुग्णालयात पाठवण्यात आला’ हे वाक्य तर पुण्याच्या वर्तमानपत्रांत कंपोझ करूनच ठेवलेलं असावं.

हे सगळं मुलीच्या वाट्याला कसं येईल? प्रत्येक विभागात युनिट, म्हणजे डॉक्टरांचे गट, असतात आणि प्रत्येक युनिटचा ठरलेला इमर्जन्सीचा दिवस. त्या दिवशी दाखल झालेला प्रत्येक रुग्ण त्या युनिटचा. खाटा भरल्या म्हणून दार बंद होत नाही, दोन खाटांच्या मध्ये गादी पडते आणि केसपेपरवर खाटेच्या नंबराऐवजी ‘फ्लोअर’ लिहिलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या राऊंडला रेसिडेंट, म्हणजे निवासी डॉक्टर, रात्रीचे सगळे रुग्ण कागद न बघता सांगतो: नाव, गाव, पोट कधीपासून दुखतंय, लघवी किती झाली. माझ्या पहिल्या इमर्जन्सीनंतर सरांनी एकच विचारलं, ‘सात नंबरच्या म्हाताऱ्याबरोबर कोण आहे?’ मला त्याचं हिमोग्लोबिन पाठ होतं, सोबत कोण हे नव्हतं. ‘मग डिस्चार्ज कुणाच्या हाती देणार?’ म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. खासगी कॉलेजात यंत्रं कदाचित नवी असतील, पण हे शिकायला इतके रुग्ण सहसा मिळत नाहीत.

या गर्दीतून संशोधनही झालं. नव्वदच्या दशकापासून बी.जे.चं जॉन्स हॉपकिन्सबरोबर एच.आय.व्ही.वर काम सुरू झालं. एच.आय.व्ही. असलेल्या आईच्या दुधावरच्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरपिन हे औषध दिलं तर लागण टळते का, या भारत, इथिओपिया आणि युगांडातल्या अभ्यासाचं भारतातलं केंद्र पुण्यात, बी.जे.त होतं. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले: सहा आठवड्यांच्या टप्प्यावर लागण जवळपास निम्म्यावर आली होती. ससूनमध्ये बाळंत झालेल्या बायका त्यात होत्या, हे फार थोड्या पुणेकरांना ठाऊक आहे.

नाटकाचं मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे हे सगळे इथलेच, अनिल अवचटही. सतीश आळेकर डॉक्टर नव्हते, पण बायोकेमिस्ट्रीत नोकरीला होते. मुलगी पहिल्या वर्षी अॅनाटॉमीपेक्षा तालमीबद्दल जास्त बोलू लागली तर घाबरू नका, दुसऱ्या टर्मच्या परीक्षेला गाडी रुळावर येते.

आता नातेवाईक. पहिल्या वर्षाच्या मुलीला ससूनमध्ये कुणी ओळखत नाही, तिला स्वतःलाच वॉर्ड सापडत नसतात. तेव्हा पेशंटला सकाळी लवकर ओ.पी.डी.ला आणा, केसपेपर काढा. तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट, आधार कार्ड आणि रेशन कार्ड मूळ प्रतीसह सोबत हवं, कारण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केस बसते का ते आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे रुग्णालयातले मदतनीस, त्यावरूनच बघतात. काही जण भांडतात की सरकारी दवाखान्यात तर सगळं मोफत झालंय. १५ ऑगस्ट २०२३ चा तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांसाठी होता. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. पुण्याचं जिल्हा रुग्णालय औंधला आहे, ते वेगळं. योजनेत न बसणारा खर्च झेपत नसेल तर समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं, आणि ते दाखल झाल्याबरोबर, बिल हातात आल्यावर नव्हे.