थेस्सालोनिकीला निघालेल्या लेकीनं राहावं कुठं?

प्रश्न : मॅडम, माझ्या मुलीला ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरात इंग्रजी माध्यमातल्या एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठ शहराबाहेर थेर्मीला आहे. तिथं जवळच एक मोठी, स्वच्छ खोली कमी भाड्यात मिळते आहे. मुलगी मात्र म्हणते, खोली लहान असली तरी चालेल, पण मी गावातच राहणार. आम्ही त्या गावाचे व्हिडिओ बघितले. रात्री दोन वाजता पोरंपोरी समुद्राकाठी बसलेली, कॅफे भरलेले. आम्ही शाहूपुरीतली साधी माणसं. एकटी लेक तिथं पाठवायची, जिवाला घोर लागतो. थेर्मीलाच राहा असं तिला ठामपणे सांगावं का?
– एक आई, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, लेकीचं बरोबर आहे. तिला गावातच राहू द्या.

मी त्या गावात शिकले. आता राजारामपुरीत बसून पोरापोरींना परदेशी शिक्षणाचे अर्ज भरायला मदत करते. तिथं जी मुलं खचलेली मी बघितली, ती रात्री फिरायला गेली म्हणून खचली नव्हती. खोलीत एकटी बसली म्हणून खचली होती. वर्ग सुटला की बस धरायची, खोली गाठायची, भात लावायचा, मग घरी व्हिडिओ कॉल, की झोप. नोव्हेंबरात दिवस लहान होतो, पाच-साडेपाचला अंधार पडतो. महिनाभरात अशा मुलीचा आवाज फोनवर बारीक होतो आणि आईला वाटतं अभ्यासाचा ताण असेल.

तुमच्या मुलीचं विद्यापीठ शहरापासून चौदा किलोमीटरवर, नेआ मुदानियाच्या रस्त्याला आहे. शिकायला जागा चांगली. पण संध्याकाळी तिचे वर्गमित्र बसमध्ये बसून गावात येणार आणि ती मागं राहणार. मोठ्या खोलीचं भाडं वाचेल, पण ज्यासाठी पोर एवढ्या लांब चालली आहे त्यातलं निम्मं तिच्या हातून जाईल. विद्यार्थी कुठं आणि कुणाबरोबर राहतो यावर त्याचं शिक्षण ठरतं, हे आपल्या गावाला नव्यानं सांगायला नको. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं बोर्डिंगं काढली ती याचसाठी. थेस्सालोनिकीत बहुतेक मुलं वसतिगृहात नसतात. भाड्याच्या खोल्यांत, चारपाच मजली जुन्या इमारतींत विखुरलेली असतात आणि भेटतात ती रस्त्यावर. तिथं गावच बोर्डिंग आहे म्हणा ना.

हे असं का, ते नकाशा बघितला की कळतं. ग्रीसमधलं सगळ्यात मोठं विद्यापीठ, अ‍ॅरिस्टॉटल विद्यापीठ, १९२५ साली स्थापन झालं आणि त्याचा परिसर अगदी गावाला लागून आहे. फाटकातून बाहेर पडलं की दहा मिनिटांत गालेरियस या रोमन बादशहाची कमान. इसवी सन ३०० च्या सुमाराची, संगमरवरावर लढायांची शिल्पं कोरलेली. गावातली पोरं तिला नुसतं ‘कमारा’ म्हणतात. कुणालाही कुठं भेटायचं विचारा, उत्तर एकच : आठ वाजता, कमाराखाली. तिथून वर रोतोंदा ही जुनी गोल इमारत, खाली नवारिनो चौक, आणि आणखी खाली चालत गेलं की समुद्र. दुसऱ्या विद्यापीठांची मुलंही तिथंच येतात, तुमच्या मुलीचे वर्गमित्रसुद्धा.

समुद्राकाठी पांढऱ्या मनोऱ्यापासून संगीत सभागृहापर्यंत रुंद, फरसबंद वाट आहे, नेआ परालिया. संध्याकाळी रंकाळ्यावर जसं सगळं कोल्हापूर लोटतं तसं तिथं होतं : आजीआजोबा, बाबागाडीतली पोरं, सायकली, गिटार घेऊन बसलेले विद्यार्थी. हवा स्वच्छ असली की खाडीपलीकडं ऑलिंपस पर्वत दिसतो, थंडीत त्यावर बर्फ असतं. मुलीला पैसे न खर्चता चार तास घालवता येतील अशी त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. मात्र गावाजवळच्या त्या पाण्यात कुणी पोहत नाही. पोहायला लोक पेरेआला किंवा बसनं खाल्किदिकीला जातात.

आता रात्रीचं. ताई, ते गाव उशिरापर्यंत जागं असतं, कारण दुपारी ते निजतं. साधारण तीन ते साडेपाच शांततेची वेळ असते. त्या वेळात मोठ्यानं गाणी लावली, भिंतीत खिळा ठोकला, तर शेजारी खरंच तक्रार करतात. मुलीला हे आधी सांगून ठेवा. मग रात्रीचं जेवण नऊ-दहाला आणि त्यानंतर बाहेर. तुम्ही व्हिडिओत बघितलेल्या गर्दीत लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबंही होती, पुन्हा नीट बघा. कॅफेत पोरं दारूपेक्षा थंड कॉफी घेऊन बसतात. फ्रापे नावाची फेसाळ गार कॉफी याच गावात, १९५७ च्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात जन्मली. हल्ली तरुण फ्रेदो एस्प्रेसो पितात. एका पेल्यावर दोनतीन तास बसा, कुणी उठवत नाही. पाण्याचा ग्लास न मागता येतो. माझ्या अभ्यासाचे किती धडे अशा टेबलांवर पक्के झाले!

काळजी घ्यायची ती ठरावीक जागी. वर्दारी चौक आणि रेल्वे स्टेशनाच्या मागच्या गल्ल्यांत रात्री एकटीनं जाऊ नये. गर्दीच्या बसमध्ये पिशवी पुढं धरावी. अडचणीत ११२ लावावा, तो युरोपभर चालतो. आणि १७ नोव्हेंबर लक्षात ठेवा. १९७३ साली अथेन्सच्या पॉलिटेक्निकमधल्या विद्यार्थ्यांनी लष्करी राजवटीविरुद्ध उठाव केला, त्याची ती तारीख. त्या दिवशी मोर्चे निघतात, कधी पोलिसांशी झटापट होते, अश्रुधूर सुटतो. सकाळी स्मारकाला फुलं वाहताना बघावं, संध्याकाळी घरी असावं. एरवीही संपाच्या दिवशी बस बंद असते. ते आदल्या दिवशी कळतं, घाबरायचं कारण नाही.

खोली बघताना कमारा, रोतोंदा, सारांदा एक्लिसियेस हे भाग बघा. वरचं जुनं गाव, आनो पोली, फार देखणं आहे, १९१७ च्या मोठ्या आगीतून ते वाचलं. पण चढ जिवावर येतो. मेट्रो ३० नोव्हेंबर २०२४ ला सुरू झाली, विद्यापीठाजवळ स्टेशन आहे, पण ती थेर्मीला जात नाही. मुलीला बस लागणारच. विद्यार्थी ओळखपत्र हातात आलं की तिकीट निम्म्या दरात.

घरमालकाला पहिला प्रश्न हीटिंगचा विचारा. स्वतंत्र आहे की इमारतीचं सामायिक? सामायिक असलं तर ते ठरलेल्या तासांनाच चालू होतं आणि बाकी वेळ खोली गारठते. जानेवारीत पारा शून्याजवळ येतो आणि उत्तरेकडून वर्दारिस वारा सुटला की आपला स्वेटर कागदासारखा वाटतो. दुसरा प्रश्न ‘किनोख्रिस्ता’चा, म्हणजे जिना, लिफ्ट, हीटिंगचा महिन्याचा सामायिक खर्च. तो भाड्यात नसतो आणि हिवाळ्यात वाढतो. भाडेकरारासाठी कर-क्रमांक लागतो, तो गेल्या गेल्या काढून घ्यावा. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणालाही अनामत पाठवू नका, फोटो कितीही छान असोत. पहिले काही दिवस प्रवाशांच्या हॉस्टेलात काढून खोली शोधलेली परवडते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. अ‍ॅरिस्टॉटल विद्यापीठाचा परिसर जिथं उभा आहे, तिथं शतकानुशतकांचं ज्यू दफनस्थान होतं. जर्मन अमलात, १९४२ च्या डिसेंबरात ते उद्ध्वस्त केलं गेलं आणि १९४३ मध्ये गावातल्या ४५ हजारांहून अधिक ज्यूंना रेल्वेनं आउशवित्झच्या छावणीत नेलं. बहुतेक कुणी परतलं नाही. २०१४ साली विद्यापीठाच्या आवारात त्या दफनस्थानाचं स्मारक झालं. मुलं तिथून रोज हसतखिदळत जातात, ते चांगलंच आहे. पण आपल्या पाहुण्या मुलीनं एकदा तिथं थांबावं, वाचावं, ही माझी मनापासून इच्छा आहे. ज्या गावानं आपल्याला जागा दिली, त्या गावाचं दुःखही माहीत असावं.

आणि नोव्हेंबरात चित्रपट महोत्सव असतो, १९६० पासून चालत आलेला. अ‍ॅरिस्टॉटल चौकातलं ओलिम्पियोन थिएटर आणि बंदरातली जुनी गोदामं, दोन्हीकडं सिनेमे. बाबूराव पेंटरांच्या गावची पोर आहे, तिला आग्रह करावा लागणार नाही. पण थेर्मीला राहिली तर शेवटचा खेळ संपेपर्यंत तिचं लक्ष बसच्या वेळेवर राहील.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. मुलगा कांदा-लसूण, अंडी काही घेत नाही. त्याच गावात शिकायला जाणार आहे. त्याचं जेवणाचं कसं होईल?
– एक वडील, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर

उत्तर : भाऊ, शाकाहार सांभाळणं सोपं, कांदा-लसूण सांभाळणं अवघड. बाहेरच्या बहुतेक शिजवलेल्या पदार्थांत कांदा असतोच, म्हणून मुलाला स्वयंपाक शिकवून पाठवा. सकाळी रस्त्यावर मिळणारी तिळाची कुलूरी, म्हणजे पावाची गोल कडी, त्याला बिनधास्त खाता येईल. बुगात्सा म्हणजे पातळ पापुद्र्यांचा भरलेला पदार्थ, त्याच्या दुकानात मात्र विचारूनच घ्यावं : आत खीर, चीज किंवा खिमा असतो आणि खिरीत अंडं असू शकतं. फेटा चीज पारंपरिक पद्धतीनं प्राण्यांच्या पोटातून काढलेल्या रेनेट नावाच्या विरजणानं विरजतात, हेही कानावर घालून ठेवा.

तुमच्या उपयोगी पडेल असं एक सांगते. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचेही उपवास असतात : बुधवार, शुक्रवार आणि ईस्टरआधीचा लांबलचक काळ. त्यात मांस, दूध, अंडी वर्ज्य. उपवासाच्या पदार्थाला ‘निस्तीसिमो’ म्हणतात आणि बेकरीत तशी पाटीच लावतात. त्या दिवसांत पालकाची पाई, ताहिनीचे (तिळाच्या वाटणाचे) गोड पदार्थ, हलवा, सगळं बिनअंड्याचं मिळतं. सावध एवढंच राहायचं की कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस त्यांना उपवासाला चालतात. ईस्टरआधीच्या उपवासाचा पहिला दिवस स्वच्छ सोमवार. त्या दिवशी लगाना नावाचा चपटा पाव खातात आणि माळावर जाऊन पतंग उडवतात. मुलाला वर्गातल्या ग्रीक मित्राबरोबर नक्की पाठवा.

मसूर, हरभरा, चवळी सुपरमार्केटात मिळतात. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरावं. भाजी ‘लाइकी’तून घ्यावी, म्हणजे वेगवेगळ्या पेठांत ठरल्या वारी भरणारा बाजार. दुपारी बाजार उठायच्या वेळी भाव उतरतात. शेगड्या विजेच्या असतात, त्यामुळं कुकर सपाट बुडाचा द्या. हिंग, गोडा मसाला घरूनच.

प्रश्न : मॅडम, मी कागलचा. कोल्हापुरात बी.एस्सी. केलं, पुढच्या वर्षी तिथं जायचा विचार आहे. कॅफेत काम करून फी निघेल का?
– एक विद्यार्थी

उत्तर : नाही रे. फीचे पैसे हाताशी असतील तरच निघ. निवास परवाना मिळाल्यावर विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं, पण कॅफेतलं काम हाती येईल ते ग्रीक बोलता आलं तर. किराणा आणि फोनचा खर्च त्यातून भागला तरी पुष्कळ म्हणायचं. पहिलं सत्र नुसतं अभ्यासाला दे : परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत आणि जूनमध्ये, राहिलेले विषय सप्टेंबरात. ऑगस्टमध्ये सगळं गाव समुद्राला पळतं आणि निम्मी दुकानं बंद होतात, तेव्हा त्या महिन्यात गावात काम शोधू नकोस. ग्रीक लिपी आत्तापासून गिरव. गणितात अर्धी अक्षरं तू वापरतोसच. ती वाचता आली की बसची पाटी पहिल्या दिवशी वाचशील. अ‍ॅरिस्टॉटल विद्यापीठात परदेशी लोकांसाठी आधुनिक ग्रीक शिकवणारी शाळा आहे, तिच्या वर्गांच्या तारखा आधी बघून मगच विमानाचं तिकीट काढ.