फिल्म घ्या, पण जुना डिजिटल विकू नका

प्रश्न: वय ४१, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत नोकरी. पगार हातात ५४ हजार. घराचा हप्ता १६ हजार, घरखर्च २८ हजार, मुलगी आठवीत, तिच्या नावानं ३ हजारांची एसआयपी. अडीअडचणीला बँकेत ७० हजार. दिवाळीला साधारण ३० हजार बोनस मिळतो. फोटोग्राफीचा नाद जुना. सुट्टीच्या दिवशी तालमीत, रंकाळ्यावर, जोतिबाच्या यात्रेत फोटो काढतो. माझा डीएसएलआर (डिजिटल कॅमेरा) दहा वर्षांचा झाला. ओळखीतले एक जण निकॉन एफएम२ हा जुना फिल्म कॅमेरा २८ हजारांना देताहेत. रोल हजाराला, धुलाई आणि स्कॅनिंग ६००, पुण्याचं कुरिअर २००. महिन्याला दोन रोल पुरतील. फिल्मवर गेलो की कॅमेरा बदलत बसायची कटकट संपेल. दुसरा पर्याय ८५ हजारांचा मिररलेस, म्हणजे नव्या पद्धतीचा डिजिटल कॅमेरा, २४ महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर. काहीही घेतलं तरी जुना कॅमेरा विकेन आणि एसआयपी थोडे दिवस थांबवेन. काय करू?

उत्तर: तुमचेच आकडे मांडू. रोल, धुलाई, कुरिअर मिळून १,८०० रुपये. रोलमध्ये ३६ फोटो, म्हणजे शटर एकदा दाबलं की ५० रुपये गेले. पैलवानानं डोळे मिटले तरी ५०. दोन रोलचे महिन्याला ३,६०० होतात. आता मिररलेसचा हप्ता काढा: ८५ हजार भागिले २४, साधारण ३,५४०. दोन्हीकडे खिशातून तेवढेच जाताहेत. फरक इतकाच, की मिररलेसचा हप्ता दोन वर्षांनी संपतो आणि फिल्मचा तुमचा नाद असेपर्यंत चालू राहतो. तुम्ही एकाला कर्ज समजताय आणि दुसऱ्याला किरकोळ खर्च, तिथं हिशेब चुकतोय.

कॅमेरा बदलायची कटकट संपेल, हे मात्र खरं आहे. एफएम२ १९८२ साली आला. त्याचं शटर यांत्रिक आहे, बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरला. पाच वर्षांनी नीट ठेवलेला एफएम२ विकलात तर २० ते २२ हजार परत यावेत. ८५ हजारांचा मिररलेस तेवढ्याच काळात ३५ हजारांवर आला तरी नशीब म्हणायचं; वर कार्ड, जादा बॅटरी, हार्ड डिस्क यांचे १० हजार धरा. म्हणजे डिजिटलला पाच वर्षांत निव्वळ ६० हजार जातात. फिल्म कॅमेऱ्याला ६ हजार, अधिक रोल. उरलेल्या ५४ हजारांत ३० रोल बसतात. पाच वर्षांत ३० रोल म्हणजे दोन महिन्यांना एक. तेवढ्यावर थांबलात तर फिल्म स्वस्त, त्यापुढे प्रत्येक रोलला महाग. तुम्ही म्हणताय महिन्याला दोन. आणि हा आजच्या भावाचा हिशेब आहे. फिल्मच्या थरात चांदी असते आणि गेल्या काही वर्षांत रोल महागच होत गेलेत. चांदीकामाची हुपरी शेजारी असताना चांदीच्या भावाचं तुम्हाला मी काय सांगायचं!

पण तुमच्याकडं तिसरा कॅमेरा आहे आणि तो तुम्ही धरलाच नाही. जुना डीएसएलआर. त्याला आज नवा पैसा लागत नाही. विकायला गेलात तर दहा वर्षांच्या बॉडीला फार तर सात-आठ हजार येतील, आणि काम मात्र तो बरंच करतो. पहाटे तालमीत एखाद्या ट्यूबलाइटच्या उजेडात जोर-बैठका आणि लढती चालतात, तिथं ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे उजेड टिपायची क्षमता) रोलवर हललेलेच फोटो जास्त येणार. रोल १६०० ला पुश करता येतो, म्हणजे जादा वेळ धुऊन कमी उजेड भरून काढता येतो, पण धुलाईचे जादा पैसे आणि फोटोत उठणारे दाणे वेगळे. डीएसएलआर ३२०० वर लावा आणि दोनशे फोटो काढा, फुकट. जोतिबाच्या यात्रेत गुलालाच्या धुरळ्यातही तोच वापरा. रंकाळ्याची संध्याकाळ, पन्हाळ्याचं धुकं, महाद्वार रोडवरची माणसं फिल्मवर काढा. तिथं थांबून, बघून एक फोटो काढायचा असतो.

शिवाय निगेटिव्ह स्कॅन करायलाही हाच कॅमेरा चालतो. लाइट पॅनेलवर निगेटिव्ह ठेवा, जवळचं फोकस व्हावं म्हणून लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब लावा आणि वरून फोटो घ्या. ब्लॅक अँड व्हाइट तर घरीच धुता येतं: टँक, अंधारात रोल भरायची चेंजिंग बॅग, आणि डेव्हलपर, फिक्सर ही केमिकलं. डेव्हलपर २० अंशांवर लागतो, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी चालणार नाही, बर्फ घालून थंड करावं लागेल. मग रोल आणि थोडं केमिकल एवढ्यावर भागतं. कलरला ३८ अंश नेमके राखावे लागतात, ते लॅबवर सोडा. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेराच स्वतः बनवला, तिथं रोल घरी धुणं काही जगावेगळं नाही.

मिररलेस आत्ता नको. नो कॉस्ट म्हणतात त्यात रोखीची सवलत हातची जाते, प्रोसेसिंग फी लागते आणि क्रेडिट कार्डावर घेतलं तर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी बसतो. त्याहून मोठं कारण म्हणजे तुमचा महिन्याचा खर्च हप्त्यासकट ४४ हजार आहे आणि गाठीला ७० हजार. कारखान्यात दोन महिने काम बसलं तर घराचा हप्ता कुठून भरणार? निदान चार महिन्यांचे, म्हणजे पावणेदोन लाख बाजूला हवेत.

सगळं भागून महिन्याला तुमच्याकडं ७ हजार उरतात. त्यातले ५ हजार बँकेच्या रिकरिंग डिपॉझिटला टाका. २१ महिन्यांत पावणेदोन लाख पुरे होतील. १,८०० रुपये फिल्मला, म्हणजे कलर असेल तर महिन्याला एक रोल, घरी धुतलेलं ब्लॅक अँड व्हाइट असेल तर दीड. रोल संपला की पुढच्या महिन्यापर्यंत डीएसएलआर. एफएम२ दिवाळीच्या बोनसमधून घ्या. त्या ७० हजारांना हात लावू नका. एसआयपीला तर अजिबात नाही. मुलगी चार वर्षांत बारावी होईल, तेव्हा ‘थोडे दिवस’ थांबवायला वेळच उरलेला नाही. उलट ती दहावीत गेली की त्यातली रक्कम इक्विटीतून हळूहळू काढून सुरक्षित जागी न्यायला लागा.

घेण्याआधी कॅमेरा दिवसाउजेडी बघा. लेन्समधून टॉर्च मारा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशी धरते, ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. मागचं झाकण उघडून काळा फोम चिकट झालाय का पाहा, आणि एक सेकंदावर शटर दाबून कानानं मोजा, अडखळतंय का ते कळेल. आणि २८ हजार लेन्ससकट आहेत की नुसत्या बॉडीचे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नुसत्या बॉडीचे असतील तर वरचा सगळा हिशेब लेन्सची किंमत घालून पुन्हा मांडा, आणि मला विचाराल तर तेवढे देऊ नका.